पुलावरची चार मिनिटं

राजकुमारचा कॉम्प्युटर बंद पडायचा तो नेमका पुलावर. निदान सुरुवातीला तरी पुलाच्या अलीकडे कधी नाही, आणि पलीकडे जायची तर वेळच आली नव्हती. पुढून मुडदे चालून येतायत, मागून मुडदे येतायत, मधोमध राखी त्याच्या पाठीला पाठ लावून उभी आहे, आणि अशा मोक्याला खट् आवाज होऊन पडदा काळा. मग त्या काळ्या पडद्यात राजकुमारला स्वतःचा चेहरा दिसायचा. चौतीस वर्षांचा, कपाळावरचे केस मागे हटलेला, आणि दर रविवारी थोडा जास्तच उतरलेला.

राखी ही मोताळ्याची मुलगी. तिच्याशी राजकुमारचं लग्न जमायचं होतं, किंवा मोडायचं होतं. दोन्हींपैकी काय, ते या पुलावर ठरणार होतं.

आता लग्नाचा आणि मुडद्यांचा संबंध काय, असं कुणीही विचारेल. राजकुमारच्या वडिलांनी, उकंडरावांनीही विचारलं होतं. त्यांना नीट उत्तर मिळालं नाही, तरी ते गप्प बसले. त्याआधी एकोणीस मुलींकडून नकार आला होता, आणि एकोणीस नकारांनंतर माणूस फार प्रश्न विचारत नाही. जानेफळात सहा एकर शेती, स्लॅबचं घर, मुलाला सुपारीचंही व्यसन नाही, शिवाय घरच्या कॉम्प्युटरवर गावाचे पीक विम्याचे आणि दाखल्यांचे फॉर्म भरून देणारा. कागदावर सगळं बरं होतं. मुलीकडचे यायचे, पोहे खायचे आणि 'कळवतो' म्हणून जायचे. एका मुलीच्या बापाने तर उभ्या सोयाबीनच्या बांधावर विचारलं होतं, "हे सगळं करायले माणूस ठेवला, तं पोरगा पुण्याले जाईन काय?" उकंडराव त्या दिवशी जेवले नाहीत.

राजकुमारच्या आईने, कौशल्याबाईंनी, चौथ्या नकारानंतर शिवणाचं मशीन बाहेर काढलं होतं. रिकाम्या हातांनी बसलं की रडू यायचं, म्हणून हातांना काम दिलं. जुन्या साड्यांची कव्हरं शिवायची. पाहुणे कधीही येतील, घरात कशावर धूळ दिसायला नको. टीव्ही झाला, फ्रिज झाला, मिक्सर, इस्त्री, गॅसची टाकी, कॉम्प्युटर, दोन्ही रिमोट झाले. नकार येत गेले, कव्हरं वाढत गेली. शेवटी घरात झाकायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी सुनेच्या ड्रेसिंग टेबलाचं कव्हर शिवलं. टेबल घेतलेलं नव्हतं. सून तर नव्हतीच. ते कव्हर पेटीच्या तळाशी होतं आणि त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे.

विसावं स्थळ आणलं मेहकरच्या सिंधूताईंनी. सिंधूताई लग्नं जमवायच्या, आणि जमली नाहीत तर फोन उचलायच्या नाहीत. या वेळी फोन त्यांनी स्वतः केला.

"पोरगी तीस वर्साची हाय. मोताळ्याले रक्त तपासायच्या लॅबमंधी कामाले हाय. एकदा साखरपुडा होऊन मोडला. पोरगी चांगली हाय, फक्त जरा येगळी हाय."

"येगळी म्हणजे?" राजकुमारने विचारलं.

"पोहे नको म्हणते."

राजकुमारला ती तिथेच अर्धी आवडली.

राखीचं म्हणणं असं होतं, की पोहे खाताना सगळीच माणसं बरी दिसतात. अडचणीत कोण उभं राहतं आणि कोण पळतं, ते तिला बघायचं होतं. म्हणून पाच रविवार, दुपारी तीन ते चार, मुलाने तिच्यासोबत कॉम्प्युटरवर गेम खेळायचा. खेळताना बोलायचं नाही, कारण बोलण्यात सगळेच हुशार असतात. अगदीच काही झालं तर फोन करायचा. पाचव्या रविवारनंतर ती हो किंवा नाही सांगेल. तिचे वडील अर्जुनराव या सगळ्याला कबूल झाले होते. ते इतके थकले होते की कबड्डी खेळायची अट घातली असती तरी कबूल झाले असते.

गेमचं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं. एक उजाड शहर, त्यात मेलेली माणसं चालत फिरतात, आणि दोघांनी मिळून औषधांची पेटी पुलापलीकडच्या दवाखान्यात पोचवायची. एकाला सोडून दुसरा पुढे गेला तरी चालतं, पण मग मागे राहिलेल्याचं काही खरं नसतं. राखीने हा गेम विचार करूनच निवडला होता. राजकुमारने आयुष्यात पत्त्यांपलीकडे काही खेळलेलं नव्हतं. त्याचा शाळेपासूनचा मित्र धम्मरत्न डोणगावला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायचा. त्याने गेम चालावा म्हणून आत एक जुनं ग्राफिक्स कार्ड बसवून दिलं आणि आपल्या दुकानातच आठ दिवस शिकवलं.

पहिल्या रविवारी चाळीस मिनिटं छान गेली. राजकुमार घाबरला, पण पळाला नाही. दोघं पुलावर आले, पाठीला पाठ लावली, आणि खट्. पडदा काळा झाला, मग कॉम्प्युटर आपणहून परत सुरू व्हायला लागला. तो जुना होता. सुरू होऊन पुन्हा खेळण्याजोगा व्हायला बरोबर चार मिनिटं घ्यायचा. राजकुमारने मोबाइल हातात घेतला. त्याने फोन लावला.

"हॅलो, मी राजकुमार बोलून राह्यलो. लाइट गेली."

"तुमच्या मागं पंखा फिरून राह्यला," राखी म्हणाली. "आवाज येते."

राजकुमारने वर पंख्याकडे पाहिलं. पंखा फिरत होता.

"कॉम्प्युटर बंद पडला," तो म्हणाला. "आपोआप. आता सुरू होऊन राह्यला. चार मिनिटं लागतात."

"तिकडं मी मेले ना पण."

"हो. मले दिसलं नाई, पण मेल्या असान."

पलीकडून बारीकसा आवाज आला. ती हसली की चिडली, हे त्याला ठरवता आलं नाही.

"मंग चार मिनिटं काय करता तुम्ही?"

"पडद्याकडं पाहत बसतो."

"एकटेच?"

"हो. माय असते सैपाकघरात."

एवढं झालं आणि कॉम्प्युटर सुरू झाला. दोघांनी नव्याने सुरुवात केली, पण तास संपला.

त्या आठवड्यात उकंडरावांनी कारण शोधून काढलं. त्यांचं सगळं आयुष्य विहिरीवरची मोटर चालू करण्यात गेलं होतं, आणि विजेच्या कोणत्याही दुखण्याचं कारण त्यांच्या मते एकच होतं. अर्थिंग. घरामागचा अर्थिंगचा खड्डा त्यांनी पुन्हा खोदला, त्यात मीठ आणि कोळसा भरला आणि रोज सकाळी दोन बादल्या पाणी ओतलं. तुळशीला एक तांब्या घालायचे, खड्ड्याला दोन बादल्या. "आता पाह्य," ते म्हणाले, "हालत नाई."

दुसऱ्या रविवारी कॉम्प्युटर दोनदा बंद पडला. ऊन वाढत होतं, एप्रिल लागला होता, आणि उकंडराव भर दुपारी तिसरी बादली घेऊन मागे धावले. इकडे राजकुमार फोनवर माफी मागत होता.

"खरंच सांगतो, मी मुद्दाम नाई करत."

"माह्या मनात आलंच नाई तसं," राखी म्हणाली. मग विचारलं, "आधी किती पोरी पाह्यल्या तुम्ही?"

"म्या नाई पाह्यल्या. त्याइनंच मले पाह्यलं. एकोणीस."

"पोहे?"

"एकोणीस वेळा. आता माय पोहे भिजवायले लागली ना, की माह्या पोटात गोळा येते. भाऊबीजेले बहिणीनं केले तरी येते."

 कॉम्प्युटर सुरू झाल्यावरही राखीने लगेच फोन ठेवला नाही.

राजकुमारला मात्र एवढंच दिसत होतं, की दोन रविवार गेले आणि आपण तीन वेळा एका मुलीला मुडद्यांच्या तोंडी देऊन गायब झालो. त्याने एक वही केली. कितीला बंद पडला, किती वेळा पडला, सगळं लिहून ठेवायला लागला. मंगळवारी कौशल्याबाईंनी कव्हर काढून धुवायला टाकलं, राजकुमारने कॉम्प्युटरचा डबा चादरीत गुंडाळला, आणि उकंडराव तो मांडीवर घेऊन मोटरसायकलवर मागे बसले. दवाखान्यात न्यायच्या पेशंटसारखा त्यांनी तो डोणगावपर्यंत सांभाळला. रस्त्यात खड्डा आला की ते स्वतः उचलले जायचे, पण डबा हलू द्यायचे नाहीत.

धम्मरत्नने डबा उघडला, आतून ओंजळभर धूळ काढली आणि गेम लावला. तीन तास चालला. दोन गिऱ्हाईकं खेळून गेली, पोरं खेळून गेली, उकंडरावांनीही एक मुडदा मारला.

"याले काय झालं बे?" धम्मरत्न म्हणाला. "हा तं घोड्यावानी पळून राह्यला."

"घरी पडते," राजकुमार म्हणाला.

"धूळ लय व्हती, तेच कारण असन. धुळीपासून जपा, काका. आर्धे रोग धुळीनं होतात याले."

सल्ला बरोबर होता. उकंडरावांनी तो शब्दही न बदलता घरी पोचवला, आणि कौशल्याबाईंनी तो मनावर घेतला. आजवर आपण हे काम वरवर केलं, असं त्यांना वाटलं. त्यांनी जुनं कव्हर उसवलं, आत घोंगडीचा एक तुकडा घातला, वरून दुसरी साडी लावून गोधडीसारखे टाके घातले, खालच्या काठाला नाडी ओवली. तारांपुरतं मागे भोक ठेवलं, तेही घट्ट. पुढे बटणापुरतं काज केलं. वर लोकरीचे दोन गुलाब. नाडी आवळली की मुंगी आत जाणार नाही, असं काम झालं होतं. त्या घरात राजकुमार सगळं झाकलेलंच बघत मोठा झाला होता. त्याने काजातून बोट घालून बटण दाबलं आणि तिसऱ्या रविवारची वाट बघायला लागला.

तिसऱ्या रविवारी नवव्या मिनिटाला पडदा काळा झाला. मग पुन्हा, मग पुन्हा. एकूण चार वेळा. पुलापर्यंत जाणंच झालं नाही.

"अर्थिंग तं नवी केली," राजकुमार फोनवर म्हणाला. "धूळ काढली. आता मले काही सुचून नाई राह्यलं."

"जाऊ द्या. सुरू तं होते ना परत."

"होते. पण तुम्ही तिकडं एकट्या राह्यता."

"मले सवय हाय," राखी म्हणाली, आणि मग सहज बोलावं तसं सांगायला लागली. "माह्या साखरपुड्याच्या तिसऱ्या दिवशी त्याचा फोन बंद झाला. मले वाटलं, बॅटरी गेली असन. मंग वाटलं, फोनच बिघडला. आठ दिवस म्या काही ना काही कारण काढत राह्यले. अजून बंदच हाय तो. दोन वर्सं झाले."

 समोर पडद्यावर एक ठिपका गोल गोल फिरत होता.

"तुमचा चार मिनिटांत सुरू होते," राखी म्हणाली. "ते बरं हाय."

बुधवारी धम्मरत्न स्वतः जानेफळला आला. सोबत स्टॅबिलायझर, मीटर आणि नव्या वायरी. तो येणार असं आधी कळवलं होतं, त्यामुळे कौशल्याबाईंनी कव्हर काढून घडी घालून ठेवलं, डबा ओल्या फडक्याने पुसला आणि चहा टाकला. बाहेरचा माणूस येणार म्हणून सगळ्या घरांत वस्तू उघड्या करून ठेवतात, तसंच. धम्मरत्नने तासभर गेम चालवला. काही झालं नाही. त्याने मीटर लावून बघितलं, पाणी पिऊन पिऊन चिखल झालेला अर्थिंगचा खड्डा बघितला, छताकडे बघितलं.

"माह्या समोर तं पडत नाई हा," तो म्हणाला. "तुह्यासमोरच पडते."

"म्हणजे माह्यातच काही हाय?"

"मी तसं कुठं म्हणलं?" धम्मरत्न म्हणाला, पण जाताना त्याने मित्राच्या खांद्यावर जरा जास्तच वेळ हात ठेवला. तो गेला, आणि कौशल्याबाईंनी कव्हर घालून नाडी आवळली.

चौथ्या रविवारी सहा वेळा. राजकुमारने वहीत सहाचा आकडा लिहिला आणि खाली दोन रेघा ओढल्या. पाच मिनिटं खेळ, चार मिनिटं फोन, असं चाललं होतं. चौथ्या फोनपर्यंत माफी मागायचे शब्दही संपले. मग राखीने लॅबमध्ये दर सोमवारी येणाऱ्या एका म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. त्याला काही झालेलं नव्हतं, दर वेळी सगळे रिपोर्ट चांगलेच येत. पण सुई टोचताना कुणीतरी आपला हात धरतं, म्हणून तो येत होता.

"तुम्ही त्याले सांगत नाई काय, की नका येऊ म्हणून?"

"मी हात धरते," राखी म्हणाली. "रक्त काढायचं सोडून देलं आता."

सहाव्या फोनवर राजकुमारने तिला पेटीच्या तळाशी ठेवलेल्या ड्रेसिंग टेबलाच्या कव्हराबद्दल सांगितलं. हे त्याने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, धम्मरत्नलाही नाही. सांगून झाल्यावर त्याला आईची लाज काढल्यासारखं वाटलं आणि बरंही वाटलं. 

"सुरू झाला काय कॉम्प्युटर?" राखीने विचारलं.

"हो, झाला."

"थांबा जरासं," ती म्हणाली. दोघं काही न बोलता फोन कानाला लावून तसेच थांबले. मग चार वाजले.

राजकुमारच्या हिशेबी सगळं संपल्यात जमा होतं. सिंधूताईंचा फोन आला, "एकच रविवार राह्यला, राजकुमार. आता काही आडवं येऊ देऊ नको." त्या रात्री उकंडराव म्हणाले, की आपल्या नशिबातच अर्थिंग नाही. कुणीही हसलं नाही. ते विनोद म्हणून बोललेही नव्हते.

शनिवारी धम्मरत्न एका लग्नाला जानेफळला आला आणि जेवून परत जाताना न सांगता घरात शिरला. राजकुमार एकटाच सराव करत होता. धम्मरत्न दारातच थांबला. त्याने कॉम्प्युटरकडे पाहिलं, म्हणजे कॉम्प्युटर जिथे असायला हवा तिथे पाहिलं.

"काकू, हे काय हाय?"

"कव्हर हाय," कौशल्याबाई म्हणाल्या.

"ते दिसून राह्यलं. चालू असताना बी असते काय हे?"

"मंग? धूळ काय बंद असतानाच बसते? तूच तं निरोप देलता, धुळीपासून जपा म्हणून."

धम्मरत्नने गुलाबांच्या मध्ये हात ठेवला आणि चटकन काढून घेतला. मग तो खाली बसला.

"काकू, एप्रिलच्या उन्हात तुम्ही याले गोधडी पांघरली आन वरून नाडी बांधली. फॉर्म भरताना हा बसून असते, त्याले काही होत नाई. गेममंधी हा पळते. गोधडी पांघरून माणूस पळाला तं चक्कर येऊन पडन का नाई? जीव वाचवायसाठी बंद पडते तो. असंच चाललं तं एक दिवस जळून जाईन."

इतक्यात पडदा काळा झाला. जणू त्याला कुणीतरी बोललेलं कळलं. कौशल्याबाईंनी पुढे होऊन नाडी सोडली, कव्हर काढलं आणि मांडीवर घेऊन बसल्या. ते तव्यावरून आत्ता उतरवलेल्या भाकरीसारखं गरम होतं.

"म्हणजे माह्या पोराचं लगन म्याच..." एवढं म्हणून त्या थांबल्या.

"नाई वं माय," राजकुमार म्हणाला. "उद्याचा रविवार बाकी हाय अजून."

पाचव्या रविवारी कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. डबा उघडा होता, वर टेबलफॅन लावलेला होता. राजकुमार असा खेळला, की चार आठवड्यांची सगळी शरम त्याने मुडद्यांवर काढली. पूल आला, पाठीला पाठ लागली, आणि तीन वाजून बावन्न मिनिटांनी औषधांची पेटी दवाखान्यात पोचली. पडद्यावर मोठी सोनेरी अक्षरं आली. राखीने खाली लिहिलं, "छान खेळता." राजकुमारने घाईघाईत लिहिलं, की आईने शिवलेल्या कव्हरामुळे तापत होता, आता कव्हर काढलं, आता कधीच बंद पडणार नाही. राखीने लिहिलं, "अच्छा." मग तिच्या नावापुढचा हिरवा ठिपका विझला. कौशल्याबाईंनी त्या संध्याकाळी शिरा केला, आणि उकंडरावांनी बऱ्याच दिवसांनी दोनदा वाढून घेतला.

सोमवारी सिंधूताईंचा फोन आला.

"नाई म्हणते पोरगी."

राजकुमार अंगणात उभा होता.

"मले बी समजून नाई राह्यलं," सिंधूताई म्हणाल्या. "चार रविवार बापाले म्हणत होती, पोरगा बरा हाय, त्याच्याशी बोलता येते. काल म्हणे, चांगला खेळला. तासभर खेळला, जिंकला, संपलं. असे लय पाह्यले, म्हणे. तू काय केलं काल?"

"काही नाई केलं. काहीच बिघडलं नाई काल."

"मंग एकविसावं पाहू," सिंधूताई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

घरात या नकाराचं खापर फोडायला कुणी शोधावं लागलं नाही. कौशल्याबाईंनी ते आपणहून डोक्यावर घेतलं. चार रविवार आपण नासवले, पोरीचं मन तिथेच उडालं, एका दिवसाने काय होणार, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी टीव्हीचं कव्हर काढलं. मग फ्रिजचं, मिक्सरचं, गॅसच्या टाकीचं, रिमोटची दोन्ही. सगळी घडी घालून पेटीत टाकली, ड्रेसिंग टेबलाच्या कव्हरावर. घर एकदम उघडं पडलं. सामान बांधून कुणी गाव सोडून चाललं असावं, तसं दिसायला लागलं. उकंडराव येता-जाता फ्रिजकडे बघायचे आणि नजर वळवायचे. अर्थिंगच्या खड्ड्यात त्यांनी पाणी घालणं बंद केलं होतं.

राजकुमारने आठवडाभर लोकांचे फॉर्म भरले. शनिवारी कागद शोधताना वही हाताला लागली. फाडून टाकावी म्हणून उघडली आणि आकडे बघत बसला. पहिला रविवार एक वेळा. दुसरा दोन, तिसरा चार, चौथा सहा. एकूण तेरा. दर वेळी चार मिनिटं. त्याने सवयीने गुणाकार केला. बावन्न मिनिटं. चौतीस वर्षांत आई-बहिणीखेरीज कोणत्याही बाईशी तो एवढं बोलला नव्हता. पाचव्या रविवारसमोर त्याने ठळक शून्य काढलं होतं आणि भोवती गोल केला होता, आनंदाने. त्या शून्याकडे तो बराच वेळ बघत राहिला, आणि आपण किती मूर्ख आहोत ते त्याला लख्ख कळलं.

सहाव्या रविवारी पावणेतीनला त्याने पेटी उघडली. गुलाबांचं कव्हर वरच होतं. डब्यावर चढवलं, मागून तारा ओढून घेतल्या, नाडी बांधली, टेबलफॅन बंद केला. काजातून बोट घालून बटण दाबलं. राखीच्या नावापुढे हिरवा ठिपका होता. ती कुणासोबत खेळत होती की नुसतीच बसली होती, ते कळायला मार्ग नव्हता. राजकुमार एकटाच त्या उजाड शहरात शिरला. मुडदे आले. त्याने एकालाही मारलं नाही, नुसता इकडून तिकडे पळत राहिला. सहाव्या मिनिटाला खट् झालं.

त्याने फोन लावला. बराच वेळ वाजला.

"हॅलो."

"बंद पडला," राजकुमार म्हणाला.

 "आईनं कव्हर काढलं होतं ना?" राखीने विचारलं.

"काढलं होतं. आज म्या घातलं."

पडद्यावर ठिपका गोल फिरायला लागला. 

"किती मिनिटं हायेत?" तिने विचारलं.

"चार."

"बोला मंग."

आवाज ऐकून कौशल्याबाई बाहेर आल्या. डब्यावर कव्हर बघून त्यांचा जीव घाबरा झाला. त्या धावत आल्या आणि नाडीला हात घातला, तेवढ्यात राजकुमारने फोन कानाचा न काढता त्यांचं मनगट धरलं. चार मिनिटं होऊन गेली, सहा झाली. कॉम्प्युटर केव्हाच सुरू होऊन पडदा उजळला होता, पण पोरगा तिकडे बघतच नव्हता. तो लॅबमधल्या त्या म्हाताऱ्याबद्दल काहीतरी विचारत होता. कौशल्याबाईंनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग कव्हराकडे पाहिलं. मनगट सोडवून घेतलं आणि नाडीची सैल झालेली गाठ पुन्हा घट्ट आवळली.